वर्गमुळाच्या उदाहरणात चूक नेमकी कुठे झाली, हे कसं शोधायचं?

प्रश्न असा आहे: मुलगी नववीत. वर्गमुळाची, करणीची (म्हणजे √२ सारख्या, पूर्ण मूळ न निघणाऱ्या संख्यांची) उदाहरणं भराभर सोडवते, पण उत्तर उत्तरसूचीशी जुळत नाही, आणि मग मायलेकी वहीकडे बघत बसतात. आई कॉमर्सची, गणित सुटून बरीच वर्षं झाली. नमुन्यादाखल तिने दोन उदाहरणं दिली आहेत. √२० + √४५ याचं मुलीने काढलेलं उत्तर √६५. आणि क्ष < ३ असताना √(क्ष² − ६क्ष + ९) + क्ष याचं उत्तर २क्ष − ३, तर उत्तरसूचीत नुसतं ३. चूक शोधायची काही रीत आहे का?

ताई, आधी दुसरं उदाहरण घेतो. तुमचा खरा प्रश्न 'चूक कुठे' हा आहे आणि तो तिथे नीट हाताळता येतो.

पायऱ्या नुसत्या वाचून चूक शोधायला जाऊ नका. वर्गमुळातली चुकीची पायरी बरोबर पायरीपेक्षा बहुधा जास्त सुटसुटीत दिसते, म्हणून तर मुलं ती लिहितात. वाचणाऱ्याची नजरही तिच्यावरून तशीच सरकते. त्याऐवजी क्ष ला एक किंमत द्या आणि प्रत्येक ओळीची किंमत शेजारी समासात पेन्सिलीने लिहीत जा. इथे क्ष < ३ म्हटलंय, म्हणून क्ष = १ घेऊ.

पहिली ओळ: √(क्ष² − ६क्ष + ९) + क्ष. आत १ − ६ + ९ = ४, त्याचं वर्गमूळ २, अधिक १. समासात लिहा ३.

दुसरी ओळ: √((क्ष − ३)²) + क्ष. आत (−२)² = ४, वर्गमूळ २, अधिक १. परत ३.

तिसरी ओळ: (क्ष − ३) + क्ष. −२ + १ = −१.

चौथी ओळ: २क्ष − ३. तीही −१.

तीन, तीन, उणे एक, उणे एक. चूक दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधे आहे. अवयव तिने बरोबर पाडले, शेवटची बेरीजही बरोबर केली. आता फक्त एकाच पायरीवर बोलायचं: √((क्ष − ३)²) चं क्ष − ३ कसं झालं?

√ या चिन्हाने नेहमी शून्य किंवा धन संख्याच मिळते. √९ म्हणजे ३. ±३ नाही, आणि −३ तर नाहीच. 'क्ष² = ९ तर क्ष किती' हा वेगळा प्रश्न आहे, त्याची उत्तरं दोन. वर्गसमीकरणाच्या सूत्रात √ च्या आधी ± वेगळं लिहावं लागतं ते याचसाठी. √ स्वतःच दोन्ही किमती देत असतं तर ते ± लिहायची गरजच नव्हती. वर्गात 'वर्गमूळ म्हणजे अधिक-उणे' असं एकदा डोक्यात बसलं की मुलं पुढे दोन्ही बाजूंनी चुकतात: नको तिथे ± लावतात आणि जिथे चिन्हाची काळजी घ्यायची तिथे घेत नाहीत.

म्हणजे √((क्ष − ३)²) हे |क्ष − ३| आहे, केवलमूल्य, म्हणजे ऋण चिन्ह सोडून उरणारी किंमत. क्ष तीनपेक्षा लहान असेल तर क्ष − ३ ऋण, म्हणून बाहेर येताना ते ३ − क्ष होऊन येतं. ३ − क्ष + क्ष = ३. उत्तरसूची बरोबर. नववीच्या वास्तव संख्यांच्या प्रकरणात करणीही आहे आणि केवलमूल्यही, पण दोन्ही एकाच उदाहरणात भेटतील असं मुलांना वाटत नाही.

इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. उदाहरणात 'क्ष < ३' अशी अट दिली होती आणि मुलीच्या सोडवणुकीत ती कुठेच वापरली गेली नाही. दिलेली अट न वापरता उत्तर आलं तर पेन खाली ठेवायच्या आधी एकदा मागे बघावं. पेपर काढणारे उगाच अटी घालत नाहीत.

केवलमूल्य दर वेळी लिहायचं का? नाही. √(क्ष⁴) = क्ष², इथे गरज नाही, कारण क्ष² ऋण असूच शकत नाही. √(क्ष⁶) = |क्ष³|, इथे गरज आहे. √(क्ष³) = क्ष√क्ष, इथे परत नाही, कारण क्ष ऋण असता तर डाव्या बाजूलाच अर्थ उरला नसता. आतला घात सम आणि बाहेर आलेला विषम, एवढ्याच वेळी थांबून विचार करायचा. 'सर्व चल धन आहेत' असं वर छापलेलं असेल तर हा सगळा परिच्छेद विसरला तरी चालेल.

आता √२० + √४५ = √६५.

इथे क्ष नाही, म्हणून अंदाज काढायचा, आणि त्याला कॅल्क्युलेटर लागत नाही. √२० हे ४ पेक्षा मोठं (४ × ४ = १६), √४५ हे ६ पेक्षा मोठं (६ × ६ = ३६). बेरीज १० च्या वर असायलाच हवी. √६५ मात्र ८ च्या जरासं पुढे, कारण ८ × ८ = ६४. दहाच्या वरची संख्या आठ कशी होईल? संपलं. चूक आहे हे सांगायला एवढं पुरतं.

पण मुलीला 'असं करायचं नसतं' एवढंच सांगितलंत तर ती परत तेच करेल. गुणाकारात चालतं की! √२ × √८ = √१६, हे खरंच बरोबर आहे, मग बेरजेनेच काय पाप केलं? तिला (√२० + √४५) चा वर्ग करायला लावा. (अ + ब)² चं सूत्र तिला पाठ असणार.

२० + ४५ + २ × √(२० × ४५) = ६५ + २√९०० = ६५ + ६० = १२५.

म्हणजे बेरीज √१२५ आहे, √६५ नाही. मधलं २अब हे पद गाळलं गेलं आणि त्याच्यासोबत ६० गेले. नेहमीच्या रीतीने केलं तरी तेच: २√५ + ३√५ = ५√५, आणि ५ × ५ × ५ = १२५.

ही वर्ग करून जोडायची रीत जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ.स. ११५०) करणींची बेरीज अशीच शिकवली आहे. त्यांचं पहिलं उदाहरण करणी २ आणि करणी ८ यांचं, म्हणजे आपलं √२ आणि √८. दोघींची बेरीज १०, गुणाकार १६, त्याचं मूळ ४, त्याची दुप्पट ८, आणि १० + ८ = १८. उत्तर करणी १८, म्हणजे आपलं ३√२. त्याच श्लोकात ते ३ आणि ७ या करणीही देतात. तिथे गुणाकार २१, त्याला पूर्ण मूळ नाही, म्हणून त्या दोन करणी वेगवेगळ्याच ठेवायच्या. 'सरूप करणींचीच (साधं रूप दिल्यावर √ खाली तीच संख्या उरते अशांचीच) बेरीज होते' असं आपण सांगतो, पण दोन करणी सरूप आहेत की नाही हे बघायची ही झटपट युक्ती हल्ली कोणी सांगत नाही: करणीचिन्हाखालच्या दोन्ही संख्यांचा गुणाकार पूर्ण वर्ग आला तर जोडता येतात, नाहीतर नाही. √२० आणि √४५ ला ९०० आले, जोडता आल्या. √१२ आणि √१८ ला २१६ येतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही.

किंमत घालून ताळा बघायचा म्हटल्यावर मुलं सगळ्यात सोपी संख्या उचलतात, ० नाहीतर १. वर्गमुळात या दोन्ही संख्या फसव्या आहेत. √(क्ष² + ९) = क्ष + ३ ही ओळ घ्या. क्ष = ० घातलं तर ३ = ३, ताळा जुळला! क्ष = ४ घाला: डावीकडे √२५ = ५, उजवीकडे ७. शून्याने गाळलेलं २अब हे पदच शून्य होतं, मग चूक दिसणार कशी? एकाचीही तीच गत, फक्त तो घातांकातली चूक लपवतो. √(क्ष⁹) = क्ष³ ही चूक मी सारखी बघतो, घातांकाचंच वर्गमूळ काढलेलं असतं. क्ष = १ घातलं की १ = १. क्ष = ४ घाला: ४ चा नववा घात म्हणजे २ चा अठरावा, त्याचं वर्गमूळ २⁹ = ५१२; आणि ४³ = ६४. खरं उत्तर क्ष⁴√क्ष, त्याची किंमत २५६ × २ = ५१२. √(१६क्ष¹⁶) = ४क्ष⁴ हेही त्याच घरचं.

म्हणून घरी तपासताना एक ४ घ्या आणि एखादी ऋण संख्या घ्या, अटीत बसत असेल तर. ऋण संख्या घातल्याशिवाय केवलमूल्याची चूक सापडत नाही. मात्र (क्ष − ३)² सारखं काही आत असेल तर 'ऋण' याचा अर्थ क्ष तीनपेक्षा लहान असा होतो; वर आपण क्ष = १ घेतलं ते त्यासाठीच.

मोबाइलवर ताळा करत असाल तर कंस टाका. √९ + १६ असं दाबलं की उत्तर १९ येतं, √(९ + १६) ला ५. ताळाच चुकला तर बरोबर उत्तर खोडलं जातं, आणि हे मी वह्यांमध्ये पाहिलं आहे. वहीतही तोच धोका आहे: करणीचिन्हाची वरची आडवी रेघ. ती ३ वरच संपली की ३क्ष वर गेली, हे घाईत लिहिलेल्या वहीत कळत नाही. पहिल्या ओळीत क्ष रेघेखाली असतो आणि तिसऱ्या ओळीत हळूच बाहेर आलेला असतो. ही गणिताची चूक नव्हे, पण गुण मात्र जातात. रेघ शेवटच्या अक्षरापर्यंत ओढायची आणि टोकाला छोटा उभा दांडा द्यायचा, एवढी सवय लावा.

संख्या बाहेर काढताना होणाऱ्या चुका वेगळ्या, आणि त्यांचा ताळा सगळ्यात सोपा आहे: बाहेरची संख्या परत आत ढकलायची. आत जाताना तिचा वर्ग होतो. √७२ = ४√१८ लिहिलंय? ४ आत गेला की १६, आणि १६ × १८ = २८८. बहात्तर नाही. ४ बाहेर काढला, पण त्याचं वर्गमूळ काढायचं राहिलं. √७२ = २√१८ = ५√२ लिहिलंय? २५ × २ = ५०. इथे आतून आलेला ३ आधीच्या २ मध्ये मिळवला, गुणायला हवा होता. ६√२ घ्या: ३६ × २ = ७२. जुळलं. ३√८ घेतलं तर ९ × ८ = ७२, तेही जुळतं; म्हणजे ते चूक नाही, अर्धवट आहे. पण अर्धवट सोडलेलं पुढे नडतं, कारण √७२ − √५० मध्ये ३√८ आणि ५√२ सरूप आहेत हे दिसत नाही आणि मूल 'वजाबाकी होत नाही' म्हणून मोकळं होतं.

पुढच्या वर्षी दहावीत तुमच्या घरी हमखास येणारी चूक आत्ताच दाखवून ठेवतो. क्ष² − ६क्ष + ६ = ० सूत्राने सोडवलं की क्ष = (६ ± √१२)/२ येतं. इथून पुढे तीन प्रकारची उत्तरं मिळतात.

३ ± √१२, म्हणजे २ ने फक्त सहाला भागलं.

३ ± √६, म्हणजे करणीच्या आतल्या बाराला २ ने भागलं.

३ ± √३, हे बरोबर. √१२ = २√३ करून मग सगळ्याला २ ने भागलं.

मधली चूक सगळ्यात चिवट. 'सर, दोन्हीला भागलं की,' असं मूल म्हणतं, आणि ते खरंच आहे. फक्त √ च्या आत जाणाऱ्या २ चा ४ होतो हे राहून गेलं. √१२ ÷ २ म्हणजे √(१२ ÷ ४) = √३.

आता हुशार मुलं काय करतात, तर मुळांची बेरीज बघून ताळा करतात. बेरीज ६ यायला हवी. (३ + √६) + (३ − √६) = ६. जुळलं! पण ± मुळे करणी कापलीच जाते, तिथे √६ असो, √३ असो की √१२, बेरीज ६ च येणार. तो ताळा ही चूक पकडूच शकत नाही. गुणाकार बघा: (३ + √६)(३ − √६) = ९ − ६ = ३, आणि हवा होता ६. (३ + √३)(३ − √३) = ९ − ३ = ६. कुठलाही ताळा करताना आधी विचारावं, मला जी शंका आहे ती चूक झाली असती तर हा ताळा बिघडला असता का? बिघडणार नसेल तर तो करण्यात वेळ घालवू नये.

वर्ग करून बघण्याच्या ताळ्याचंही असंच आहे. √२० + √४५ ला तो उपयोगी पडला. पण क्ष − ३ चा वर्ग आणि ३ − क्ष चा वर्ग एकच, म्हणून चिन्हाची चूक तो गिळून टाकतो. √(क्ष + ६) = क्ष या समीकरणात दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ० येतं, उकली ३ आणि −२. मूळ समीकरणात घाला: क्ष = ३ ला √९ = ३, ठीक. क्ष = −२ ला √४ = २, आणि उजवीकडे −२. ही उकल नाही. वर्ग केलेल्या समीकरणात घालून बघितलंत तर दोन्ही उकली बिनबोभाट बसतील. ताळा नेहमी पहिल्या ओळीत, छापील प्रश्नात.

छेदाच्या परिमेयीकरणावर, म्हणजे छेदातली करणी घालवण्यावर, फार लिहीत नाही, कारण तिथली चूक जवळजवळ दर वेळी एकच असते. ४/(√७ − √३) मध्ये अंश-छेदाला √७ + √३ ने गुणायचं; छेद ७ − ३ = ४, उत्तर √७ + √३. मुलं √७ − √३ नेच गुणतात आणि (√७ − √३)² = ७ − ३ लिहितात. तो खरं तर १० − २√२१ आहे. परत तेच हरवलेलं मधलं पद. √७ सुमारे २.६५ आणि √३ सुमारे १.७३ एवढं पाठ असलं तर बघता येतं: छेद ०.९२ च्या आसपास, म्हणून उत्तर ४ पेक्षा थोडं मोठं हवं. √७ + √३ = ४.३८ च्या जवळ. √७ − √३ उत्तर आलं असेल तर ते १ च्याही खाली आहे.

कधीकधी उलटंही होतं, रीत चुकीची आणि उत्तर बरोबर. एखादं मूल √(२ पूर्णांक २/३) = २√(२/३) लिहितं, म्हणजे पूर्णांक तसाच उचलून बाहेर ठेवतं. तुम्ही खोडायला जाता आणि उत्तर जुळतं: २ पूर्णांक २/३ म्हणजे ८/३, आणि ४ × २/३ सुद्धा ८/३. ३ पूर्णांक ३/८ लाही चालतं, ४ पूर्णांक ४/१५ लाही. अपूर्णांकाचा अंश पूर्णांकाइतकाच आणि छेद पूर्णांकाच्या वर्गाहून एकाने कमी असला की हे जमून येतं. गणित आवडणाऱ्या मुलांना हे दाखवावं, त्यांना मजा वाटते. पण आधी √(२ पूर्णांक १/४) द्या. त्याच रीतीने २ × १/२ = १ येईल, आणि खरं उत्तर आहे √(९/४) = १.५. एका उदाहरणात उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही. शंका आली की संख्या बदलून बघावी.

√अ × √ब = √(अब) हा नियम अ आणि ब ऋण नसतानाच वापरायचा, हे मुलीला आत्तापासून सांगून ठेवलंत तर पुढे सोपं जाईल. √(−४) × √(−९) ला √३६ = ६ करणारी मुलं अकरावीत दर वर्षी भेटतात; संमिश्र संख्यांत (तिथे i² = −१ मानतात) ते २i × ३i, म्हणजे −६ आहे. नववीत हा प्रश्नच येत नाही. ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही, असं भास्कराचार्यांनीही लिहून ठेवलंय, आणि वास्तव संख्यांपुरतं ते आजही तसंच आहे.

मुलीसाठी तीन ओळी देतो. यातली एकच बरोबर आहे. कुठली ते तिने पायऱ्या न करता, फक्त संख्या घालून किंवा अंदाजाने सांगायचं, आणि कुठली संख्या घातली तेही लिहायचं.

(अ) √(४क्ष² + ३६) = २क्ष + ६

(आ) क्ष > ५ असताना √(क्ष² − १०क्ष + २५) = क्ष − ५

(इ) (१० + √५०)/५ = २ + √१०

पहिलीत तिने शून्य घातलं तर काही बोलू नका, दुसरी संख्या घालायला सांगा. दुसरी ओळ तिला चूक वाटली, तर क्ष = ७ घालून बघू दे. तिसरीचं खरं उत्तर २ + √२ आहे, पण ते तिला आधी सांगू नका.